गाऊन माळ्यावर, लुगडं पेटीत

वसईच्या चर्चमध्ये लग्न झालं आणि माझा पांढराशुभ्र गाऊन न धुताच, प्लास्टिकच्या कव्हरसकट माळ्यावर गेला. दोन पावसाळ्यांनी धाकट्या बहिणीसाठी काढला, तर गळ्यापाशी पिवळे डाग! घाम आणि केकची साखर. लग्नादिवशी दिसले नव्हते, मग हळूहळू रंगत गेले. आजीचं लग्नातलं लाल लुगडं मात्र पेटीत जसंच्या तसं.

"धुऊन ठेवलंवतंस का?" तिने एवढंच विचारलं.

आता गाऊन हलक्या हाताने धुऊन, सावलीत खडखडीत वाळवून, पिना काढून आजीच्या जुन्या सुती चादरीत गुंडाळलाय. दर नाताळाआधी, कोरड्या हवेत, उलगडून घडी बदलायची. डाग फिके झालेत, गेले नाहीत. बहीण म्हणते, "चालेल गं!" तुम्ही मात्र आजच कव्हर उघडून बघा.