गुडघा आणि घाट

मोटार कोणती घ्यावी हा साहित्याच्या अभ्यासकांनी लिहिण्याचा विषय नव्हे, याची आम्हांस जाणीव आहे. तरीही २०२३ साली जूनपासून दसऱ्यापर्यंत आमच्या घरात जो वाद चालला, तो आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलेल्या एका वादाचाच घरगुती अवतार होता. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकरांचा वाद आम्ही दोघेही शिकवतो. दोन्ही बाजू मांडतो, दोन्हींना थोडे थोडे गुण देतो, आणि घंटा होते. घरात घंटा होत नाही.

प्रश्न म्हटले तर साधा होता. चौदा वर्षे वापरलेली आमची लहान गाडी थकली होती. कराडहून चिपळूण आणि तेथून पुढे गुहागरच्या बाजूचे आमचे घर, अशा वर्षाकाठी पाच-सहा खेपा ठरलेल्या. वाटेत कोयनानगर ओलांडले की कुंभार्ली घाट. आमच्यापैकी ज्याला हिशोबाची वही ठेवण्याची सवय आहे, त्याचे मत मारुतीच्या अर्टिगाच्या बाजूने होते. सात माणसे बसतात, आसने उंच, चालवण्याचा खर्च बेताचा. आमच्यापैकी जिला गाडी चालवण्याचे वेड आहे, तिचे मन मात्र फोक्सवागनच्या व्हर्टसवर जडले होते; आणि तीही दीड लिटरच्या टर्बो इंजिनाची, हाताने गिअर बदलण्याची. एकीची शक्ती १०३ अश्वशक्ती, दुसरीची १५०. ‘पंचेचाळीस-पन्नास घोडे जास्तीचे घेऊन आपण कोणत्या स्वारीवर निघणार आहोत?’ हा वहीचा पहिला प्रश्न होता. त्याला उत्तर मिळाले नाही, फक्त एक कटाक्ष मिळाला.

हे वेड जुने आहे. २००१ साली फियाटची पालिओ बाजारात आली आणि सचिन तेंडुलकर तिच्या जाहिरातींत झळकू लागला, तेव्हा आम्ही एम.ए.चे विद्यार्थी होतो. तिच्या १.६ लिटर इंजिनाची तारीफ आणि तिच्या पेट्रोल पिण्याची निंदा एकाच दमात केली जाई. वसतिगृहाच्या फाटकासमोर कोणाची तरी अशी एक पालिओ उभी असे, आणि भाषाविज्ञानाची टिपणे हातात घेऊन तिच्याकडे पाहत राहणारी एक मुलगी होती. पुढे नोकरी, घराचे हप्ते, मुलीचे शिक्षण. चाकणच्या कारखान्यात तयार होणारी पोलो जीटी २०१३ साली आली, तेव्हाही ‘पुढच्या वेळी’ असे म्हणून झाले. पुढची वेळ येईपर्यंत, २०२२ साली, भारतात पोलोचे उत्पादनच थांबले. पुढे ढकललेल्या आनंदाचे असेही होते: आपण तयार होतो तेव्हा तो दुकानात नसतो.

चालवण्याचा आनंद म्हणजे वेग, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. कुंभार्लीत वेगाला वावच नाही. तेथे आनंद असतो तो प्रतिसादाचा. पोफळीकडून वर चढताना पुढे लाकडाने भरलेला ट्रक असावा, मागे एस.टी. असावी, आणि दोन वळणांच्या मध्ये सरळ रस्त्याचा एक तुकडा तेवढा मोकळा मिळावा. आमच्या जुन्या गाडीत त्या तुकड्याच्या आधीच दुसऱ्या गिअरवर यावे लागे, इंजिन ओरडू लागे, आणि निम्म्यावर गेल्यावर कळे की हे जमणार नाही. टर्बो इंजिनाची गोष्ट वेगळी असते. बाहेर जाणाऱ्या वायूंच्या जोरावर एक छोटे चक्र फिरते, ते हवा दाबून इंजिनात भरते, आणि त्यामुळे कमी फेऱ्यांतच भरपूर ओढ मिळते. व्हर्टसच्या या इंजिनाची २५० न्यूटन-मीटरची पूर्ण ओढ १६०० फेऱ्यांपासूनच हाती येते. आरडाओरडा न करता ट्रक मागे पडतो. शिवाय गाडी बसकी. वजनाचा मध्य जमिनीजवळ असल्याने ती वळणावर कलंडल्यासारखी झुकत नाही. चाक वळवावे तेवढीच वळते. भाडोत्री घेतलेल्या उंच गाड्यांतून आम्ही हाच घाट उतरलो आहोत. तेथे चाक वळवणे आणि गाडी वळणे यांच्यामध्ये एक संदिग्ध विराम असतो. नवकवितेत तो शोभतो.

वहीत अर्थातच यातले काही नव्हते. वहीत सामानाची जागा होती, आणि तेथे व्हर्टसचीच सरशी होत होती: ५२१ लिटर. सातही आसने उघडलेल्या अर्टिगाच्या मागे त्याच्या निम्मीही जागा उरत नाही. मग सात आसने लागतात किती दिवस, हे मागच्या वर्षाच्या नोंदींवरून काढले. चार दिवस. गणपतीचे दोन, एका मुंजीचा एक, आणि शेजाऱ्यांना घेऊन नृसिंहवाडीला गेलो तो एक. उरलेल्या दिवसांत गाडीत एक किंवा दोन माणसे, आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. ज्याला आपण व्यवहार म्हणतो तो पुष्कळदा वर्षातल्या चार दिवसांचा असतो आणि त्याचे भाडे आपण तीनशे एकसष्ट दिवस भरतो, हे वहीनेच सिद्ध केले. वहीचा मालक दोन दिवस गप्प होता.

मम्मटाने काव्याची प्रयोजने सांगितली, त्यांत धन आहे, व्यवहारज्ञान आहे आणि आनंदही आहे. हे सर्व त्याने एकाच पंक्तीला बसवले, आणि त्यांतही आनंदाला मुकुटाचा मान दिला. म्हणजे आनंद हा उपयोगांच्या विरुद्ध उभा नाही, तोही उपयोगांपैकीच एक आहे. हा युक्तिवाद आम्ही जेवणाच्या टेबलावर वापरला. बारावीतल्या मुलीने तो ऐकून विचारले, की मग आजीचे काय?

आई आमच्याजवळच राहते. तेव्हा तिला अठ्ठ्याहत्तरावे वर्ष होते; उजवा गुडघा पार झिजलेला, शस्त्रक्रियेला तिचा ठाम नकार. वहीत तिच्या नावाचा एक रकाना होता आणि तो कोरा होता. कोरा का, ते एका रात्री बोलता बोलता लक्षात आले. गाडी आम्ही दहा-बारा वर्षे वापरणार. उंच आसनाची गरज त्यांपैकी किती वर्षे? ही वजाबाकी आमच्यापैकी कोणी मोठ्याने केली नव्हती, पण दोघांनीही मनात करून पाहिली होती. ते कळल्यावर आम्ही एकमेकांकडे न पाहता दिवा मालवला. वाद त्यानंतर आठवडाभर बंद होता. आजवर या विषयावर त्याहून अधिक आम्ही बोललेलो नाही.

मराठीला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. एकात ऐकणारा वगळला जातो, दुसऱ्यात सामावतो. इंग्रजीला हा भेद एका शब्दात करता येत नाही, असे आम्ही वर्गात अभिमानाने सांगतो. त्या आठवड्यात जाणवले, की गाडी ‘आम्ही’ घेत होतो आणि हिंडणार होतो ‘आपण’. चालवण्याचा आनंद तर त्याहूनही आखूड, तो एकवचनी. चालवणाऱ्याला वळण आधी दिसते, म्हणून त्याचे शरीर आधीच तयार असते. मागे बसलेल्याच्या डोळ्यांपुढे स्थिर पाठ आणि कानाच्या आत मात्र हेलकावे. त्या विसंगतीतून मळमळ होते. एकाची कविता ती दुसऱ्याची ओकारी, असा हा घाट.

गणपतीहून परतल्यावर आम्ही शिवणकामाची टेप घेऊन निघालो. घरातल्या ज्या खुर्चीतून आई कोणाचा हात न धरता उठते, तिची उंची एकोणीस इंच. आसनाची जमिनीपासूनची उंची कोणत्याही माहितीपत्रकात आम्हांला सापडली नाही. डिकीचे लिटर सापडतात, चाकांमधले अंतर मिलिमीटरपर्यंत सापडते, माणसाने बसायचे किती उंचीवर हे मात्र गुलदस्त्यात. विक्रेता तरुण होता. टेप पाहून म्हणाला, ‘सर, पार्किंगचं माप हवंय का?’ दोन-तीन कंपन्यांच्या बसक्या गाड्या मोजल्या. फरक एखाद-दोन इंचांचा. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी आईलाच नेले, आणि टेप खोटी ठरली. अडचण उंचीची नव्हतीच. बसक्या गाडीचे छत उतरते असते, आत शिरताना मान आणि कंबर एकदम वाकवावी लागते, आणि त्या क्षणी सगळा भार एकाच पायावर येतो. नेमका त्याच पायावर. हा कुठल्या एका कंपनीचा दोष नव्हे, त्या गाड्यांची जातच तशी. आई अर्ध्यावर थांबली, दाराला धरून सरळ झाली आणि हसून म्हणाली, ‘अरे, माझ्या मापाने गाडी कशाला शिवताय? किती दिवस घालायची आहे मला?’ म्हणजे ती वजाबाकी तिनेही केली होती, आणि तिने ती मोठ्याने म्हटली.

त्यानंतर अर्टिगा घेणे हाच सरळ मार्ग होता, आणि आम्ही तसे ठरवलेही. फिरवले ते आईनेच. तिच्या व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी तिला एक युक्ती शिकवली: पुढचे आसन पूर्ण मागे सरकवायचे, त्यावर गुळगुळीत कापडाचा तुकडा टाकायचा, गाडीकडे पाठ करून आधी टेकायचे, मग दोन्ही पाय एकदम उचलून आत फिरवायचे. तिने जुन्या साटीनच्या परकराचा तुकडा कापून घेतला आणि आमच्या जुन्या गाडीत आठवडाभर सराव केला. आम्ही पाहत नाही असे तिला वाटे तेव्हा ती सराव करी. मग सुनेला म्हणाली, ‘अगं, तुला हवी ती घे. मला पुढे बसायला मिळालं की झालं. मागे बसून चाळीस वर्षं नुसत्या पाठी बघितल्या.’

दसऱ्याला व्हर्टस आली. घाटात आई पुढे बसते, वळण तिला दिसते, आणि तिला मळमळत नाही. तिला ट्रक ओलांडण्यात रस आहे, हे आम्हांला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कळले. ‘थांब जरा, पलीकडून येतोय कोणी’ आणि ‘हां, आता घे’ अशा सूचना चालू असतात. त्या बहुतेक वेळा बरोबर असतात. वहीवाला मागच्या आसनावर उत्तरपत्रिका घेऊन बसतो आणि पाटणपर्यंत तपासतो. पुढे तपासता येत नाही.

हे सगळे इतके गोड राहिलेले नाही. आत शिरणे जमते. उतरताना दोघांनी हात द्यावा लागतो, आणि अनोळखी माणसांसमोर तसे उतरणे तिला आवडत नाही. गेल्या हिवाळ्यात चिपळूणला जवळच्या नात्यातले लग्न होते. निघण्याच्या सकाळी तिने साडी बदललीच नाही. गुडघा ठणकतोय, म्हणाली. खरोखरच ठणकत असेल. मंगलकार्यालयाच्या दारात उतरण्याचा प्रसंग तिने टाळला असेल, असेही असेल. आम्ही विचारले नाही. त्या दिवशी घाट मोकळा होता, गाडी सुरेख चालली, आणि पुढचे आसन, पूर्ण मागे सरकवलेले, साटीनच्या तुकड्यासह तसेच होते.

रात्री परतलो तेव्हा ती एकोणीस इंचांच्या खुर्चीत जागी होती. नवरी कशी होती हे तिने नंतर विचारले. आधी विचारले, ‘ट्रक फार होते का गं?’