गळ्याची शीर

डबिंग करणाऱ्या माणसाला सिनेमा नीट बघता येत नाही. लोक डोळे बघतात, आम्ही ओठ बघतो. ओठांपेक्षाही गळा. 'प', 'ब', 'म'ला ओठ मिटले की लिप बसल्यासारखं वाटतं. पण वरचा सूर लागला की मानेवरची शीर ताणली जाते, श्वास घेताना गळ्याची खाच आत जाते. तिथं लबाडी चालत नाही.

'माय फेअर लेडी' मी पहिल्यांदा बघितला तेव्हा यातलं काहीच कळत नव्हतं. यवतमाळला मैत्रिणीकडे बसून बघितला होता आणि सगळं लक्ष ॲस्कॉटच्या शर्यतीतल्या त्या अवाढव्य टोपीवर. गोष्ट आधीच पाठ होती, पण ती याच गोष्टीवरच्या 'ती फुलराणी' या मराठी नाटकामुळे. आमच्या गॅदरिंगला दरवर्षी एक तरी मुलगी मंजुळेचं स्वगत करायचीच. एका वर्षी मी केलं. परीक्षक म्हणाले, "अशुद्ध बोलण्याचा भाग फारच नैसर्गिक झाला." मला बक्षीस वाटलं ते.

त्या वाक्याचा अर्थ मुंबईत आल्यावर कळला. पहिल्याच ऑडिशनला काचेपलीकडून आवाज आला, "पानी नाही, पाणी. परत." परत पानीच आलं. आमच्याकडे आईही पानी म्हणते, मास्तरही पानी म्हणतात, आणि नळाला ते दोन्ही उच्चारांनी येत नाही. पुढचे सहा महिने हॉस्टेलच्या बाथरूममध्ये मी जिभेचं टोक उलटं वळवून टाळूला लावत होते: लोणी, कोणी, आणि, पाणी. बाहेर रांगेतल्या मुली दार वाजवायच्या.

त्यामुळे सिनेमातला ध्वनिशास्त्रज्ञ हिगिन्स फुलं विकणाऱ्या एलायझाला ज्योतीसमोर बसवून 'ह' म्हणायला लावतो, ज्योत हलली तर उच्चार बरोबर, तो प्रसंग मला आता विनोदी वाटत नाही. लंडनच्या कॉकनी बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' गळतो, आमच्याकडे 'ण' गळतो. एका अक्षरावरून माणसाची पायरी ठरते हे शॉनं 1913 सालच्या 'पिग्मॅलियन'मध्ये, या सिनेमाच्या मूळ नाटकात, नेमकं पकडलं होतं. सिनेमावाल्यांनीही उच्चारांचं काम थट्टेवारी नेलं नाही. सल्ल्याला पीटर लॅडफोगेड हा खरा ध्वनिशास्त्रज्ञ घेतला होता. हिगिन्सच्या यंत्रातून जे स्वर ऐकू येतात ते त्याचेच.

दुसऱ्यांदा बघितला तो डबिंगमध्ये दहा वर्षं काढल्यावर, डिस्क आणून, हेडफोन लावून. एलायझा चिडून हिगिन्सला शिव्याशाप देते ते 'जस्ट यू वेट' गाणं सुरू झालं. मंजुळेचं स्वगत नाटकात नेमकं याच जागेवर येतं. सुरुवात ऑड्री हेपबर्नच्या स्वतःच्या आवाजात आहे. थोडा घोगरा, कडा न घासलेला, रागानं भरलेला. मग चाल वर चढते आणि त्या क्षणी आवाज बदलतो. एकदम गोल, स्वच्छ, तालमीत तयार झालेला. शेवटी गाणं खाली उतरलं की परत ऑड्री. मी तीनदा मागे नेऊन ऐकलं. जोड सुबक आहे, रेकॉर्डिस्टला दाद द्यावी असा. पण जोड आहे. मधल्या भागात ओठ चोख बसतात आणि गळ्याची शीर मात्र जागची हलत नाही.

तो मधला आवाज मार्नी निक्सनचा. 'द किंग अँड आय'मध्ये डेबोरा करसाठी तीच गायली, 'वेस्ट साइड स्टोरी'त नॅटली वूडसाठीही तीच. 'माय फेअर लेडी'च्या श्रेयनामावलीत तिचं नाव नाही. त्याचं मला नवल वाटलं नाही. माझ्या आवाजात गेली आठ वर्षं एक साबण विकला जातोय आणि माझी मावशी अजूनही विचारते, "तू मुंबईले नेमकं करतं काय वं?"

ऑड्रीनं गाण्याची तयारी केली होती, गाणी रेकॉर्डही केली होती. त्यातली दोन डिस्कच्या पुरवणीत मिळाली, तिच्या मूळ आवाजात. एक कोव्हेंट गार्डनच्या भाजीबाजारातलं. आवाज तोकडा आहे, वर जाताना पातळ होतो, खरंय. पण ती श्वास घेते तिथंच श्वास ऐकू येतो. चेहरा आणि आवाज एकाच बाईचे आहेत. मला विचाराल तर तेच ठेवायला हवं होतं. अर्थात मला कोण विचारतंय. हक्कांसाठी 55 लाख डॉलर मोजलेल्या निर्मात्या जॅक वॉर्नरला तोकडा आवाज परवडणारा नव्हता. ब्रॉडवेवर 1956 पासून ही भूमिका गाजवणारी ज्यूली अँड्र्यूज पूर्ण गाऊ शकत होती, तर ती पडद्यावर पुरेशी प्रसिद्ध नाही म्हणून बाजूला पडली. हा सिनेमा आला त्याच वर्षीच्या 'मेरी पॉपिन्स'साठी ऑस्कर तिलाच मिळालं आणि ऑड्रीला साधं नामांकनही नाही.

आणि हिगिन्स? रेक्स हॅरिसननं प्लेबॅकवर ओठ हलवायला साफ नकार दिला. तो गाणं धड गात नाही, निम्मं बोलतो, आणि दर वेळी वेगळं बोलतो. मग आधी रेकॉर्ड केलेल्याशी ओठ जुळणार कसे? म्हणून त्याच्या टायमध्ये वायरलेस माइक लपवला आणि सेटवरच आवाज घेतला. 1964 साली ही साधी गोष्ट नव्हती. सिनेमाला मिळालेल्या आठ ऑस्करांमध्ये ध्वनीचं एक आहे, नटाचं एक आहे. त्याला गाता येत नव्हतं तर त्याच्यासाठी तंत्र वाकवलं. तिला पुरेसं गाता येत नव्हतं तर तिचा आवाजच काढून घेतला. तोही एका मुलीला नवा आवाज मिळतो या गोष्टीच्या सिनेमात! जॉर्ज क्युकरच्या दिग्दर्शनावर माझा जीव आहे, सेसिल बीटनचे कपडे तर अजून स्वप्नात येतात, पण हे मी काही त्याला माफ करत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका मालिकेचं डबिंग होतं. विदर्भातली शेतकरीण, हंडा घेऊन येते, दोन वाक्यं. दिग्दर्शक म्हणाला, "मस्त गावाकडचा टच दे." मी डोळे मिटले, आई आठवली आणि म्हटलं, "काहून वं, पानी नाही आनलं आज?" कितीतरी वर्षांनी जीभ आपल्या जागी पडली होती. लिपही पहिल्याच टेकला बसलं.

काचेपलीकडे जरा शांतता झाली. मग हेडफोनमध्ये आवाज आला, "छान आहे, पण ओरिजिनल नाही वाटत. जरा व्हय-बिय टाक ना."

आमच्या तालुक्यात व्हय कोणी म्हणत नाही. मी दोन व्हय टाकले. टेक ओके झाला.