शिक्क्याची साक्ष

काही वस्तूंच्या नशिबी एकदाच जगणे असते. काडेपेटीतील काडी एकदाच पेटते. देवाला वाहिलेले फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्य होते, मग ते कितीही टवटवीत का असेना. पत्रावर चिकटवलेले टपालाचे तिकीट याच कुळीतले. फरक एवढाच, की काडी जळून जाते, फूल सुकते. तिकीट मात्र शेकडो मैलांचा प्रवास करून आले तरी जसेच्या तसे राहते. त्याचे काम संपले हे जगाला कळावे म्हणून त्याच्या तोंडाला काळे फासावे लागते. हे काम शिक्का करतो. पण शिक्काच मारायचा राहून गेला तर?

तिकिटाच्या जन्मापासून सरकारला ही काळजी लागलेली आहे. मे १८४० मध्ये इंग्लंडात रोलंड हिल यांच्या योजनेनुसार ‘पेनी ब्लॅक’ हे चिकटवायचे पहिले टपाल तिकीट निघाले. तिकीट काळे, म्हणून शिक्क्याची शाई लाल ठेवली. ही लाल शाई पुसून काढता येते, हे लवकरच ध्यानात आले. तेव्हा १८४१ साली तिकीट तांबडे आणि शिक्का काळा, अशी उलटापालट करावी लागली. पुढे काही तिकिटे मुद्दाम कच्च्या रंगात छापली. शिक्का धुवायला जावे तर चित्रच वाहून जावे! अफगाणिस्तानात १८७१ पासूनच्या आरंभीच्या तिकिटांचा तर पोस्टात तुकडाच फाडून घेत. ब्रिटनने २००९ साली तिकिटांना बारीक चिरा पाडल्या आणि २०२२ पासून नेहमीच्या तिकिटांवर प्रत्येकाचा वेगळा बारकोड छापला. एकीकडे सरकार आणि दुसरीकडे वाटीभर कोमट पाणी, अशी ही झुंज पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

आपल्या कायद्यानेही ती गंमत म्हणून सोडून दिलेली नाही. १८६० च्या दंडविधानात कलम २६२ आणि २६३ याचसाठी होती, आणि १८९८ च्या टपाल कायद्याने टपालाच्या तिकिटांनाही त्यांच्या कक्षेत आणले होते. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी कलमे नुसती क्रमांक बदलून राहिली. कलम १८४ प्रमाणे, एकदा वापरलेले सरकारी तिकीट ते वापरलेले आहे हे ठाऊक असताना फसवणुकीच्या हेतूने पुन्हा वापरले, तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. तिकिटावरची खूण पुसली, तर कलम १८५ प्रमाणे कैदेची मर्यादा ३ वर्षांची. यात ‘हेतू’ हा शब्द महत्त्वाचा. तिकिटे जमवणारा शाळकरी मुलगाही वाटीत पाणी घेऊन तिकिटे सोडवतो, आणि पुन्हा पत्रावर लावू पाहणाराही तेच करतो. वाटी तीच, पाणी तेच. पहिला छंद आणि दुसरा गुन्हा. आणखी एक गोष्ट म्हणजे, पहिल्या कलमात शिक्क्याची अट नाही. तिकीट वापरले गेले, एवढे पुरे आहे.

हे सारे पुस्तकातले झाले. पण हा प्रश्न यंदा आमच्या वसतिगृहाच्या खोलीत येऊन उभा राहिला.

माझा रूम-पार्टनर दुष्काळी तालुक्यातला. एका संस्थेत लेखनिकाची जागा निघाली. जाहिरातीत नेहमीची अट होती : स्वतःचा पत्ता लिहिलेला, २५ रुपयांची तिकिटे लावलेला लिफाफा अर्जासोबत जोडावा. त्याने तो जोडला. काही आठवड्यांनी तोच लिफाफा परत आला. आत मुलाखतीचे बोलावणे होते, आणि मुलाखतीची तारीख उलटून दोन दिवस झाले होते. वर ५-५ रुपयांची पाचही तिकिटे कोरी करकरीत.

दिवसभर तो कुणाशी बोलला नाही. रात्री त्याने लिफाफ्याचा तो कोपरा कापला, वाटीत पाणी घेतले आणि म्हणाला, “माझं काम झालंच नाही. मग तिकिटं अजून माझीच ना? पुढच्या अर्जाला लावतो.”

“अरे, हा गुन्हा आहे,” मी म्हणालो.

“कोण पकडणार? आणि तुला दर महिन्याला घरून पैसे येतात, म्हणून तुला नीती सुचते.”

हे वाक्य मला लागले, कारण त्यात तथ्य होते. पोटभर जेवलेल्याने उपवासाचे माहात्म्य सांगू नये. शिवाय त्याचा युक्तिवादही पोकळ नव्हता. पैसे मोजून घेतलेली सेवा वेळेवर मिळाली नाही, तर करार मोडला कुणी?

तरीही माझे मन मानेना. पत्र उशिरा का होईना, आले होते. ते कुणीतरी थैलीत भरले, गाडीत चढवले, कुणीतरी आमच्या दारापर्यंत आणून दिले. तिकीट म्हणजे काही नाणे नव्हे. ती या श्रमांची आगाऊ दिलेली पावती आहे. पावतीवर सही राहिली म्हणून केलेले काम न केलेले होत नाही. आणि आपले नुकसान झाले, तर भरपाई उघडपणे मागावी. ती आपणच ठरवून गुपचूप खिशात घालणे म्हणजे आपल्याच खटल्यात आपणच न्यायाधीश होणे.

पण उशीर केला कुणी? पोस्टाने, की पत्र उशिरा टाकणाऱ्या संस्थेने? आम्ही दोघांनी मिळून तक्रार लिहिली. उत्तर आले : लिफाफ्यावरील शिक्क्याची तारीख कळवावी. शिक्का तर नव्हताच! जो शिक्का नसल्यामुळे ५ तिकिटे वाचली असे त्याला वाटत होते, तोच त्याचा एकमेव साक्षीदार होता. उत्तर वाचून तो हसला, पण ते हसणे काही मला बरे वाटले नाही.

पुढे मी वाचले, की टपालाचा तारखेचा शिक्का तिकिटापेक्षा १७९ वर्षांनी मोठा आहे. १६६१ साली इंग्लंडचे पोस्टमास्तर जनरल हेन्री बिशप यांनी तो सुरू केला. तेव्हा रद्द करायला तिकीटच नव्हते. पत्रे अडवून ठेवल्याची ओरड होती. कोणत्याही हरकाऱ्याची पत्र रोखून धरण्याची छाती होऊ नये, म्हणून पत्रावर दिवस आणि महिना उमटवू लागले. म्हणजे शिक्का जन्मला तो लोकांवर नजर ठेवायला नव्हे, तर टपालखात्यावरच नजर ठेवायला! आपण मात्र त्याला तिकीट बाद करणारा शिपाई समजतो.

मित्राने पुढचा अर्ज पेटीत टाकला नाही. खिडकीवर देऊन डोळ्यांदेखत शिक्का मारून घेतला. त्यावर कोणती तिकिटे होती, हे मी विचारले नाही.

माझ्यापुरते मी एक ठरवले आहे. कोरे तिकीट लावलेले पत्र आले, की काही पोस्टमन करतात तशी मी पेनाने त्यावर फुली मारतो. तिकिटे जमवणारे आमचे एक सर यावर हळहळतात. पेनाची फुली असलेले तिकीट त्यांच्या वहीत शोभत नाही, म्हणतात. त्यांचेही खरे आहे. पण निर्माल्य ताजे दिसते म्हणून चुकून कुणी पुन्हा देवाला वाहू नये, एवढी काळजी घरातल्या माणसाने घ्यायला नको का?