अंगणातली वसई

अंजूरला आमच्या अंगणात दिवाळीला किल्ला व्हायचा तो वसईचाच; रायगड-सिंहगड करायला बाकीचा महाराष्ट्र आहे! फिरंग्यांचा जाच संपावा म्हणून याच गावच्या गंगाजी नाईकांनी पेशव्यांकडे साकडे घातले होते. १७३७ साली एकदाची मोहीम निघाली आणि १७३९च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली. यंदा हे सांगत असता नातवाने हातांची माती झटकीत विचारले, “आजोबा, न लढता कुणी किल्ला देऊन टाकतं का हो?”

“देतात. आणि तोही दुसऱ्याचा!”

मग तटावर अळीव पेरता पेरता त्याला चेकोस्लोव्हाकियाची हकीकत सांगितली. त्या चिमुकल्या लोकशाही देशाने जर्मनीच्या सरहद्दीवर काँक्रीटचे बुरूज उभारले होते. १९३८च्या सप्टेंबरअखेर इंग्लंडचे चेंबरलेन आणि फ्रान्सचे दलादिये म्युनिकला हिटलर-मुसोलिनींबरोबर बसले आणि सरहद्दीचा तो मुलूख बुरुजांसकट देऊन मोकळे झाले. ज्यांचे घर जात होते त्या चेकांसाठी मात्र त्या पंगतीत पाट मांडला नव्हता. १५ मार्च १९३९ला हिटलरचे सैन्य प्रागमध्ये शिरले.

चेंबरलेनना भित्रे म्हणणे सोपे आहे. पहिल्या महायुद्धात पोटची पोरे गमावलेल्या मायबापांना पुन्हा लढाई नको होती. लंडनला परतल्यावर लोकांनी त्यांचा जयजयकार केला. त्या गर्दीत असतो तर मीही टोपी उडवली असती, असे कधी कधी मनात येते.

पण त्याआधीच्या स्पेनचे काय? १९३६ साली तिथल्या लोकनियुक्त सरकारविरुद्ध फ्रँको उठला. हिटलर-मुसोलिनी त्याला विमाने नि माणसे पुरवीत होते. इंग्लंड-फ्रान्स मात्र ‘हस्तक्षेप नको’ हा करार उराशी धरून बसले. गंमत अशी, की त्या कराराला जर्मनी-इटलीचीही संमती होती! अशा वेळी लंडनला गेलेले आपल्या नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार ‘जॉन स्मिथ’ हे नाव घेऊन स्पेनच्या रणात उतरले. १९३८ साली गांदेसापाशी पकडले गेले, फ्रँकोच्या छावणीत कैद भोगली आणि सुटून मायदेशी आले. त्यांनी लढाई फिरवली असे नाही. स्पेन शेवटी पडलेच.

नातू बराच वेळ गप्प होता. मग डब्यातला एक जास्तीचा मावळा काढून त्याने तटाबाहेर, खाडीच्या अंगाला एकटाच उभा केला.

“हा जॉन स्मिथ.”

“अरे, हुद्दार म्हण,” मी म्हणालो.