दोराबजींच्या मागे

मेहेरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियाने गेल्या. त्यांना आणि पती दोराबजी टाटांना मूलबाळ नव्हतं. पुढच्याच वर्षी दोराबजींनी पत्नीच्या नावाने या रोगाच्या संशोधनासाठी एक न्यास केला आणि आपली जवळजवळ सगळी मिळकत, दागिन्यांसकट, दुसऱ्या न्यासाच्या हवाली केली. त्यात २४५ कॅरटचा ज्युबिली हिराही होता. टाटांचा पोलाद कारखाना अडचणीत आला, तेव्हा १९२४ मध्ये हाच हिरा बँकेत तारण पडून आला होता. जून १९३२ मध्ये दोराबजी जर्मनीत वारले.

आपल्याला दात्याच्या गोष्टी सांगायची हौस फार. मला मात्र कुतूहल आहे ते मागे राहिलेल्या विश्वस्तांचं. दाता गेलेला, पैसा हातात, दाराशी मागणाऱ्यांची रांग. अन्नछत्रं आणि अनाथालयं यांत तो वाटून टाकला असता, तरी कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी १९३६ मध्ये समाजकार्य शिकवणारी संस्था काढली. सेवा करायला शिकावं लागतं, हे तेव्हा किती जणांना पटलं असेल कोण जाणे! १९४१ मध्ये परळला कर्करोगाचं रुग्णालय उभं राहिलं.

मग मार्च १९४४ मध्ये विश्वस्तांना भौतिकशास्त्रज्ञ होमी भाभांचं पत्र आलं. मूलभूत भौतिकशास्त्रासाठी संस्था हवी. वीस-पंचवीस वर्षांनी अणूपासून वीज काढायची वेळ येईल, तेव्हा तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत. महायुद्ध चालू, बंगालचा दुष्काळ ताजा, आणि विश्वस्त हो म्हणाले. मेहेरबाई भाभांच्या आत्या. वशिला म्हणायचं तर म्हणावं. असे आणखी चार वशिले चालले असते. तारापूरच्या अणुकेंद्राची वीज आली १९६९ मध्ये.

परळचं रुग्णालय १९५७ मध्ये केंद्र सरकारकडे गेलं, पुढे अणुऊर्जा खात्याकडे. आपण उभारलेलं असं सोडून देणं आपल्याकडच्या संस्थाचालकांना सहसा जमत नाही. खुर्ची मुलाकडे जाते, मग नातवाकडे.

तरी सगळं सुटलं असं नाही. रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर परराज्यांतून आलेले नातेवाईक बिछाने टाकून दिवस काढतात. परळला आणखी खाटा घातल्या, तर ही गर्दी वाढणारच. हे ओळखून टाटांच्या न्यासांनी आसाम सरकारबरोबर भागीदारी केली आणि एप्रिल २०२२ मध्ये तिथे सात कर्करोग रुग्णालयं सुरू झाली. दिब्रुगडच्या माणसाने तपासणीसाठी मुंबईची गाडी का पकडावी?