दुरेघी

डॉक्टरांकडे जायच्या काही दिवस आधी एका रात्री आई फोन घेऊन बसली होती. तपासणीच्या नोंदणीचा फॉर्म भरायचा होता आणि ती पहिल्याच रकान्यापाशी अडली होती. ‘‘पण नाव म्हणजे गं काय?’’ तिनं विचारलं. मी फोन हातात घेतला. रकान्यावर ‘पूर्ण नाव’ असायला हवं होतं. तिच्या फोनवर रफार वरच्या कडेला कापला गेला होता आणि दीर्घ ऊकार खालच्या. मधे उरलं होतं ते ‘पण’.

तो फॉर्म आम्हीच केला होता. मी आणि माझ्या सहकाऱ्यांनी. आमच्या फोनवर तो नीट दिसायचा. आईला बारीक वाचवत नाही म्हणून तिनं फोनमधली अक्षरं मोठी करून घेतली होती. अक्षरं वाढली, पण त्यांची चौकट होती तेवढीच राहिली.

त्या रात्री मी शाळेतल्या वह्या आठवत बसले. इंग्रजीला चार रेघांची वही असायची, मराठीला दुरेघी. इंग्रजी अक्षर रेघेवर उभं राहतं. एखाद्याचा पाय रेघेखाली जातो, एखाद्याची मान वर येते, पण बैठक खालच्या रेघेवर. मराठी अक्षर वरच्या रेघेला लटकतं. शिरोरेघ हा त्याचा वासा. दुरेघीत दोन जोड्यांमधली पट्टी मोकळी सोडलेली असायची आणि ती रिकामी आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. वरच्या ओळीचे ऊकार तिथंच खाली उतरायचे आणि खालच्या ओळीच्या मात्रा, वेलांट्या, अनुस्वार तिथंच वर चढायचे. बाई म्हणायच्या, मात्रा आखडून काढू नकोस. वहीला हे ठाऊक होतं. जुन्या छापखान्यातल्या जुळाऱ्याला तर ते ठाऊक असावंच लागे. 1869 साली जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला. तेव्हा देवनागरीची खिळेजुळणी म्हणजे शेकडो खिळे हाताळायचे आणि शिरोरेघेच्या वरची नि अक्षराखालची जागा धरूनच ओळ बसवायची.

पडद्यावर मात्र ओळीची उंची आधी ठरते आणि अक्षर मागाहून येतं. आमच्या कामाची रीत सांगते. सगळे पडदे इंग्रजीत आखले जातात. 16 पिक्सेलच्या अक्षराला 20 पिक्सेलची ओळ, बटणाची उंची ठरलेली, रकान्याची ठरलेली. सगळं मंजूर झाल्यावर, बहुतेक शेवटच्या आठवड्यात, मराठी मजकूर येतो आणि त्याच चौकटीत ओतला जातो. ‘कृपया’तला ऋकार कापला जातो आणि ‘कपया’ उरतं. ‘पैसे’च्या मात्रा बुजतात. ‘अर्ज’ रफार गमावून ‘अज’ होतो. इंग्रजीत असं अक्षर कापलं गेलं असतं तर पहिल्याच चाचणीत कुणीतरी ओरडलं असतं. इथं चाचणी करणाऱ्यालाही सवय झालेली असते. तो मनातल्या मनात रफार लावून पुढे वाचतो. मीही अनेक वर्षं तशीच वाचत होते.

आणखी एक गोष्ट मला बोचते. पडद्यावरच्या टंकरचनेसाठी गूगलनं जे मार्गदर्शन तयार केलं, त्यात जगातल्या लिप्यांचे तीन गट पाडले होते: इंग्रजीसारख्या, उंच आणि दाट. हिंदी ज्या देवनागरीत लिहितात ती उंच गटात, म्हणजे मराठीही. सूचना चांगल्या हेतूनं केलेली आहे, तीत जास्त ओळ-उंची द्या असंच सांगितलंय. पण आपली लिपी उंच ठरते ती मोजपट्टी इंग्रजीच्या हातात आहे म्हणून. दुरेघी वहीत कुणी तिला उंच म्हटलं नव्हतं. तिथं ती बरोबर होती.

नेमक्या याच कारणानं दुकानांच्या पाट्यांचा प्रश्न मला फार गुंतागुंतीचा वाटतो. 2022 मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली की पाटीवरची मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत. मला ती मनापासून पटते. पण संगणकावर दोन्ही मजकुरांना एकच आकडा दिला, तरी मराठी लहान दिसते. त्या आकड्यात मात्रा आणि ऊकारांची जागाही धरलेली असते, मग ‘क’च्या वाट्याला कमी येतं. हातानं पाटी रंगवणारा पेंटर आकडा बघत नाही. तो रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहतो आणि डोळ्यांनी मापतो.

अक्षर कापलं जाणं दिसतं तरी. अक्षर बदललं जाणं दिसतही नाही. मराठीचा ‘ल’ पाकळ्यांचा, ‘श’ देठाचा. राज्य शासनानं 2022 च्या निर्णयात हीच रूपं मराठीसाठी वापरायला सांगितली. पडद्यांवर मात्र हिंदीची दंडाची नि शेंडीची रूपं रुळत चालली होती. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काही नाही. एकाच फॉन्टमध्ये दोन्ही रूपं ठेवता येतात. मजकुराला ‘ही मराठी आहे’ अशी खूण लावली की फॉन्ट आपलं रूप पुढे करतो. पण ती खूण लावायची राहते, किंवा देवनागरी दिसली म्हणून हिंदीची लावली जाते. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक तर एका कोरीएवढा. ती कोर नीट उमटली नाही तर सह्याद्रीच्या दऱ्यांचा समुद्र होतो.

अक्षरं घडवणारे र. कृ. जोशी आधी जाहिरातीच्या क्षेत्रात होते, नंतर आयआयटी मुंबईत शिकवत. विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांचा. त्यांचं मला सर्वांत मोठं वाटतं ते हे, की ब्रशनं अक्षर काढणारा माणूस संगणकाच्या नियमांत उतरला. मात्रा कुठे बसेल, ऱ्हस्व वेलांटी किती लांब जाईल, जोडाक्षर कुठे जुळेल हे यंत्राला शिकवायचं तर आधी हाताला ठाऊक असावं लागतं. आज मुंबईतच ‘एक टाइप’सारख्या गटानं ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट करून सगळ्यांना मोफत दिलेत. म्हणजे अक्षरं आता आहेत. उरलीय ती चौकट, आणि ती माझ्यासारख्यांच्या हातात आहे.

दुसऱ्या दिवशी मी ओळ 26 ची केली. रकान्याची ठरलेली उंची काढून टाकली, आता मजकूर वाढेल तसा रकाना वाढतो. फॉर्म लांबला. पहिल्या पडद्यावर सहा रकाने दिसत होते ते पाच झाले. बैठकीत यावर बराच वेळ गेला. लोक सरकवायचा कंटाळा करतात, असं एकानं म्हटलं, आणि तेही खोटं नव्हतं. मी आईच्या फोनवरचं ‘पण नाव’चं चित्र दाखवलं. मग कुणी काही बोललं नाही.

संध्याकाळी आईला नवा फॉर्म उघडून दिला. तिनं चष्मा लावला, ‘पूर्ण नाव’ मोठ्यानं वाचलं आणि एकेक अक्षर शोधत लिहायला लागली. आधी स्वतःचं, मग बाबांचं, मग आडनाव. हात थांबला. रकान्याकडे थोडा वेळ पाहत राहिली.

‘‘माहेरचं आडनाव लिहायला कुठे जागा आहे का गं? जुने कागद सगळे त्या नावाचे आहेत.’’

नव्हती. मी वहीत टिपून घेतलं.