फ्लॉपी गेली, पियानो राहिला

"हा पियानो आता फर्निचर समजा."

न्यू जर्सीत एडिसनजवळ राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी एका पियानो-दुकानाचा माणूस हे बोलला, तेव्हा त्याने पियानोचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. त्याने एक फ्लॉपी आत सरकवली, ड्राइव्ह कुरकुरला, छोट्या पडद्यावर एरर उमटली, आणि लगेच निकाल लागला. मी त्या वेळी तिथेच होतो. पुढे सगळं नीट झालं, तरी त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

पियानो साधा नव्हता. नव्वदच्या दशकातला, उभ्या घाटाचा, स्वतः वाजणारा, म्हणजे प्लेअर पियानो. या जातीत सर्वांत गाजलेलं नाव यामाहाच्या डिस्कलेव्हिअरचं. तो अमेरिकेच्या बाजारात १९८७ साली आला. अशा पियानोत तारा, हातोड्या, लाकूड सगळं नेहमीच्या पियानोसारखंच असतं. फरक आतल्या यंत्रणेत. प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकाखाली एक सोलेनॉइड असतो, म्हणजे वीज मिळताच दांडा वर ढकलणारं विद्युतचुंबकाचं वेटोळं. मागचं टोक उचललं की पट्टी खाली जाते, हातोडी उडते आणि खरी तार वाजते. पट्ट्यांजवळचे सेन्सर माणसाचं वादनही टिपतात: कोणता सूर, किती जोरात, किती वेळ, पेडल कधी दाबलं. ही सारी माहिती त्या काळी साडेतीन इंची फ्लॉपीवर उतरायची. स्पीकरमधून येणाऱ्या आवाजाचा इथे संबंध नाही.

ताई आणि भावजींनी हा पियानो भाचीसाठी घेतला होता. ती शाळेत असताना शिकली, स्पर्धांना गेली, पुढे कॉलेजात पियानो सुटला, आणि आता ती कॅलिफोर्नियात असते. पण तिच्या त्या सगळ्या वर्षांचं वादन फ्लॉप्यांवर होतं. ताईने प्रत्येकीवर स्वतःच्या अक्षरात लेबल लावलं होतं: तारीख, रचना, कधी कधी "दुसऱ्या पानावर अडखळली" अशी नोंदही. दुकानाच्या माणसाने तो डबा पाहिला आणि म्हणाला, "हे आता कुणी वाचत नाही."

त्या भेटीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. अमेरिकेत असे निकाल रोज लागतात आणि लोक ते मुकाट्याने मान्य करतात. ताईने त्याला बोलावलं होतं ते ड्राइव्ह दुरुस्त होईल का एवढंच विचारायला. त्याने उत्तर दिलं ते वेगळ्याच प्रश्नाचं. त्याच्याकडे नवा प्लेअर पियानो होता, टॅब्लेटवर चालणारा, किंमत वीस हजार डॉलरांच्या वर. तो घेतला तर जुना ते फुकट उचलून नेणार. नाही घेतला तर उचलून नेण्याचे पैसे ताईनेच द्यायचे. जुन्याची किंमत किती धरणार, असं भावजींनी विचारलं. "शून्य," तो म्हणाला. त्याने एक सूरही वाजवून पाहिला नव्हता. तारांना गंज आहे का, हातोड्यांचा नमदा किती झिजलाय, साउंडबोर्डला तडा गेलाय का, पिना सैल झाल्यात का, पियानोची किंमत ठरवताना जे जे पाहायचं असतं त्यातलं काहीही पाहिलं नव्हतं. काही दिवसांनी वर्षानुवर्षं येणारा ट्यूनर आला. त्याने हे सगळं तपासलं आणि सांगितलं की वाद्य उत्तम आहे, अजून कितीतरी वर्षं सहज चालेल. भावजी मुळात मेकॅनिकल इंजिनिअर. ते एवढंच म्हणाले, "रेडिओ बिघडला म्हणून कुणी गाडी भंगारात घालतं का?"

बिघाड नेमका होता तरी काय? ड्राइव्ह उघडल्यावर दिसला तो एक रबरी पट्टा. फ्लॉपी फिरवणारा हा पट्टा वयोमानाने चिकट होऊन ताणला गेला होता. शेकडो किलोचं वाद्य मेलं असं ठरवलं गेलं, ते बोटभर रबरापायी!

रागात भर पडली ती जुना इतिहास वाचताना. स्वतः वाजणारा पियानो काही आजचा नाही. एडविन व्होटी यांनी १८९५ च्या सुमारास पियानोला तयार केला आणि तो एओलियन कंपनीने जगभर विकला. याच एओलियनचा मोठा कारखाना न्यू जर्सीत, ताईच्या घरापासून फार लांब नसलेल्या गारवुड गावी होता. तेव्हा भोकं पाडलेल्या कागदी गुंडाळ्या, म्हणजे रोल, वापरत. प्रत्येक कंपनीची रुंदी वेगळी, भोकांमधलं अंतर वेगळं. १९०८ साली हे कारखानदार बफेलोला एकत्र जमले आणि ८८ सुरांच्या रोलसाठी एकच माप ठरवलं: रुंदी सव्वाअकरा इंच, दर इंचाला नऊ भोकं. त्यामुळे त्या मापाचा शंभर वर्षांपूर्वीचा रोल रोल वाजवणाऱ्या कोणत्याही चालू ८८ सुरी पियानोवर आजही वाजतो. आणि १९९५ सालची फ्लॉपी? सोनी ही फ्लॉपी बनवणारी शेवटच्या मोठ्या कंपन्यांपैकी एक. तिने २०११ साली जपानातली विक्री थांबवली. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कारखानदारांना १९०८ मध्ये जे शहाणपण सुचलं, ते पुढे इतकं दुर्मिळ का व्हावं?

पण तसंच शहाणपण पुन्हा एकदा सुचलं होतं, आणि ताईचा पियानो वाचला तो त्यामुळेच. पियानोला जोडलेल्या पेटीच्या मागे पाच पिनांची दोन गोल भोकं होती. एकावर 'मिडी इन' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'मिडी आउट'. मिडी म्हणजे वाद्यांनी आपसात बोलायची भाषा. ती १९८३ साली अमेरिकी आणि जपानी कंपन्यांनी मिळून ठरवली. त्यामागचे दोन प्रमुख, सीक्वेन्शिअलचे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी, यांना २०१३ साली टेक्निकल ग्रॅमी मिळालं. या भाषेत आवाज जात नाही, फक्त आज्ञा जातात: हा सूर, इतक्या जोरात, आता दाब, आता सोड. वेग सेकंदाला ३१,२५० बिट. आजच्या हिशेबाने तो क्षुल्लक, पण पियानोला पुरेसा. फ्लॉपी बंद पडली तरी हे दार उघडंच होतं. दुकानाच्या माणसाने त्याचा उल्लेखही केला नाही.

भावजींनी सुमारे पन्नास डॉलरांचं ब्लूटूथ मिडी अडॅप्टर मागवलं. दोन छोट्या दांड्या, एक 'इन'मध्ये, एक 'आउट'मध्ये. वीज ते पियानोकडूनच घेतं. टॅब्लेटवर मिडी वाजवणारं अॅप घातलं. पहिल्यांदा काहीच वाजलं नाही, कारण कोणत्या चॅनेलचे सूर पट्ट्यांनी वाजवायचे हे पियानोच्या सेटिंगमध्ये सांगावं लागतं. ते सांगितलं, आणि पट्ट्या खाली जाऊ लागल्या. इतकी वर्षं गप्प असलेला पियानो शोपॅंचा वॉल्ट्झ वाजवू लागला, तेव्हा ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि उभीच राहिली.

मग आली अर्ध्या सेकंदाची भानगड. साथीला ऑर्केस्ट्रा असलेलं गाणं लावलं की स्पीकरमधली साथ पुढे आणि पियानो मागे. ब्लूटूथचा दोष असेल असं सगळ्यांना वाटलं. खरं कारण फार सुंदर आहे. हळू सूर वाजवायचा तर सोलेनॉइड पट्टी सावकाश ढकलतो. जोरात वाजवायचा तर झटक्यात. म्हणजे दोन आज्ञा एकाच क्षणी आल्या तरी नाजूक सूर उशिरा लागणार आणि वादन विस्कटणार. म्हणून असे पियानो मिडीवरून आलेली प्रत्येक आज्ञा ५०० मिलिसेकंद धरून ठेवतात, कुणाला आधी हलवायचं याचा हिशेब करतात, आणि सगळे सूर आपापल्या जागी पाडतात. उपाय सोपा: अॅपमध्ये साथीचा आवाजही ५०० मिलिसेकंद मागे ढकलायचा. दुसऱ्या कीबोर्डवरून कुणी प्रत्यक्ष वाजवत असेल तर पियानोतला हा उशीर बंद करता येतो. नव्वदच्या दशकातल्या अभियंत्यांनी एवढा बारीक विचार केला होता, आणि त्यांच्या कामाला कुणीतरी फर्निचर म्हणत होतं.

खरी काळजी होती भाचीच्या फ्लॉप्यांची. इथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो. असल्या जुन्या पियानोंच्या फ्लॉप्या ७२० केबीच्या, आणि काहींचं स्वरूप पियानो कंपनीचं स्वतःचं, जसं यामाहाचं ई-सेक. संगणकाला जोडलेल्या यूएसबी ड्राइव्हमध्ये अशी फ्लॉपी घातली की कधी कधी संगणक म्हणतो, ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करू का? तिथे 'हो' म्हणू नका. 'हो' म्हटलं की वादन पुसलं गेलंच. भावजींनी आधी प्रत्येक फ्लॉपीचा लिहिण्याचा खटका बंद केला. मग ग्रीसवीझल नावाचं छोटं सर्किट आणलं. ते फाइली शोधत बसत नाही, चकतीवरचे चुंबकी बदल जसेच्या तसे टिपून घेतं. त्यातून फ्लॉपीची पूर्ण प्रत निघाली, प्रतीतून फाइली, आणि फाइलींतून साध्या मिडी. बहुतेक वाचल्या. काहींवर बुरशी होती, त्या गेल्या. विकत घेतलेल्या गाण्यांच्या फ्लॉप्यांना कॉपी-बंदी होती, त्यांना हात लावला नाही. ती गाणी पुन्हा विकत मिळतात. भाचीचं बाराव्या वर्षीचं वादन कुठेही मिळणार नाही.

ते वादन ताईच्या पियानोवर वाजलं तेव्हा भाची व्हिडिओ कॉलवर होती. दुसऱ्या पानावर पट्ट्या अडखळल्या. आधी तीच हसली, मग गप्प झाली.

जुनं वादन नव्या यंत्रावर उतरवण्याचं हे काम किती मोलाचं ठरू शकतं, याचं उदाहरण संगीताच्या इतिहासातच आहे. अमेरिकी संगीतकार जॉर्ज गर्श्विनने तरुणपणी, १९१६ पासून, पियानो रोल केले. आर्टिस वोडहाउस या पियानोवादक संशोधक बाईंनी त्यांतले बरेच रोल डिजिटल करून डिस्कलेव्हिअरवर वाजवले, आणि १९९३ साली नॉनसच कंपनीने ती ध्वनिमुद्रिका काढली. कागदावरची भोकं फ्लॉपीच्या युगात आली ती कुणीतरी खपून आणली म्हणून. २००२ साली मिनेसोटातल्या पियानो स्पर्धेत पियानोवादक येफिम ब्रॉन्फमन जपानात, हामामात्सूला बसून परीक्षण करत होते. स्पर्धकाने अमेरिकेत वाजवलेला प्रत्येक सूर त्यांच्यासमोरचा पियानो वाजवत होता. यंत्रं बदलली, तरी वादनाची नोंद पुढे गेली.

एवढं सगळं केल्यावर नवं ते चांगलं, असं म्हणायला मी तयार आहे का? पूर्ण नाही. ताईच्या सासूबाई पुण्याहून येतात. पूर्वी त्या फ्लॉपी घालून बटण दाबायच्या आणि दुपारभर ऐकायच्या. टॅब्लेटवर त्यांना पासवर्ड लागतो, अपडेट अडवतं, ब्लूटूथ तुटतं. त्या दुपारपुरतं तरी मला वाटलं, फ्लॉपीच बरी होती. मग भावजींनी खराब ड्राइव्हच्या जागी गोटेक बसवला. ही तीस-चाळीस डॉलरांची वस्तू पियानोला फ्लॉपी ड्राइव्हच वाटते, पण वाचते पेनड्राइव्ह. आता बटणाने नंबर निवडायचा की झालं. सासूबाई खूश आहेत.

दुकानाच्या माणसाच्या बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे. तीस वर्षांच्या इलेक्ट्रॉनिक्सची हमी कोणतं दुकान देईल? पॉवर सप्लायचे कपॅसिटर उद्या गेले तर? दुरुस्त करणारे कारागीर कमी झालेत, हे खरंच आहे. ज्याला भावजींसारखा खटाटोप जमणार नाही त्याने पियानोडिस्क किंवा क्यूआरएस या कंपन्यांची नवी यंत्रणा जुन्या पियानोत बसवून घ्यावी. यामाहानेही आपल्या जुन्या डिस्कलेव्हिअरसाठी डीकेसी-८५० सारख्या नव्या नियंत्रक पेट्या काढल्या होत्या. खर्च हजारो डॉलरांत जातो, पण वाद्य घरात राहतं. हे पर्याय त्या माणसाने सांगितले असते तर मी हा लेख लिहिला नसता. "दुरुस्ती आम्ही करत नाही" हे प्रामाणिक उत्तर आहे. "पियानो मेला" हे नाही.

तुमच्या किंवा मुलांच्या घरी असा पियानो असेल, तर कुणालाही तो उचलून नेऊ देण्याआधी तीन गोष्टी करा. ट्यूनरला बोलावून लाकूड, तारा, हातोड्या तपासून घ्या. पेटीच्या मागे 'मिडी इन'चं भोक आहे का ते पाहा. आणि घरच्या माणसांच्या वादनाच्या फ्लॉप्या असतील तर त्या या वर्षीच उतरवून घ्या, साध्या मिडी फाइली करून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. पियानो वाट पाहू शकतो. फ्लॉप्यांवरची बुरशी थांबत नाही.